चहा होईपर्यंत थांबा

जुन्या शहरातल्या बायांनो, भावांनो, आठ-आठ दिवस नळाची वाट बघणाऱ्यांनो,

नळाच्या नव्या पाइपासाठी आपल्या गल्ल्या उकरल्या. पाणी आलं नाही. आणि शेकडो वर्षं खापराच्या नळांतून जिनं या शहराला पाणी पाजलं, ती जमिनीखालची नहर मात्र मशीननं फोडली. हे ज्यांना बघवत नव्हतं, त्या सुनंदाताईंच्या फोटोला आज हार घातलाय. दुःख आहेच, पण रागही आहे.

ताई पुरातत्त्वाच्या अभ्यासक. पण इथल्या नावाजलेल्या लेण्यांकडं गेल्या नाहीत. पुंडलिकनगरातल्या घरून स्कूटर काढायच्या, आणि जिथं ड्रेनेजचा खड्डा, तिथं ताई. दुसऱ्यांनी खणलेल्या खड्ड्यात शहराचा इतिहास शोधायचा, हेच त्यांचं आयुष्य. सोबत टेप, ड्रॉइंगचा कागद आणि थर्मास.

मशीनवाला ओरडायचा, "क्या मॅडम, फिर आ गए?"

"उतर खाली. चहा घे. चहा होईपर्यंत थांब, मग तुझं चालू दे."

तो प्यायचा, ताई खड्ड्यात उतरायच्या. मापं घ्यायच्या, नकाशा काढायच्या. आपल्या गल्ल्यांखालचं जे काही आज कागदावर आहे ना, ते कपभर चहाच्या वेळात उतरवलेलं आहे!

एका साहेबानं विचारलं, "काय ठेवलंय या फुटक्या खापरांत?"

ताई म्हणाल्या, "साहेब, महाल बादशहांचे. खापरं पाणी भरणाऱ्यांची."

मंगळवारी आपल्याच गल्लीत नहरेचा अखंड तुकडा निघाला. भर उन्हात ताई तो कागदावर उतरवत होत्या. तिथंच कोसळल्या. मशीनवाल्यानंच उचलून वर काढलं. तो बघा, मागं उभा आहे. दवाखान्यात मला म्हणाला, "सर, चाय थर्मास में वैसीच रह गई."

आणि ठेकेदार काय म्हणतो? काम लांबलं, उद्या सकाळी काँक्रीट ओतणार. अर्ध्या नकाशावर! व्हय म्हणायचं का याला?

नाय! म्हणून आज इथं शांतता पाळायची नाही. ती उद्या खड्ड्याच्या काठावर पाळू. उजाडताच घरटी एक थर्मास घेऊन या. शिवी नको, दगड नको. मशीनवाल्याला चहा द्या, ठेकेदाराला द्या, साहेब आला तर त्यालाही द्या. खाली ताईंच्या विद्यार्थिनी उतरतील. त्यांचा नकाशा पूर्ण होईपर्यंत आपला चहा संपता कामा नये.