ड्रायव्हर नसलेलं लिनक्स

सांगते, पण शाळेत कुणाला सांगू नका. संध्याकाळी माझी ऑनलाइन तोंडी परीक्षा होती आणि सकाळीच मी लॅपटॉपवर विंडोज काढून नुसतं रूप पाहून निवडलेलं लिनक्स टाकलं. वायफाय गायब! पडद्यावर सूचना आली: वायफाय चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, इंटरनेटवरून घ्या. मी घड्याळ पाहत येरझाऱ्या घालू लागले.

रेल्वेत नोकरीला असलेले बाबा म्हणाले, "ड्रायव्हर आणाले गाडी पाठवा, अन् गाडी चालवाले ड्रायव्हरच नाही! काहून टाकलं हे?"

शेवटी गावातल्याच पंडरी भागातून मैत्रीण पेनड्राइव्ह घेऊन आली. त्यातलं नवशिक्यांचं लिनक्स लॅपटॉपवर न टाकताही चालवून पाहता येतं. वायफाय लगेच लागलं.

मी आईला म्हणाले, "आधी चालवून पाहायचं, पटलं तरच ठेवायचं."

आईनं बाबांकडे पाहिलं. "आमच्या टायमाले अशी सोय कुठं होती, पोट्टी!"