भुजंगरावांची गुलाबी ज्वारी

मंडळी, पुढं सरका, आणि आधी मला सांगा — ज्याच्या हाताला पेरणीचं बी माहीत नाही, त्यानं दुसऱ्याच्या लेकरांना भाकरीची थोरवी सांगावी का? झोंबलं ना?

तर ऐका. निमखेड्याचे भुजंगराव. जमीन अशी, की ह्या बांधावरून त्या बांधावरचा माणूस बगळ्याएवढा दिसावा! पण पायाला माती? छे हो! धोतराची निरी मोडेल! पेरणी गड्यांनी करायची, रास गड्यांनी करायची — आणि रावांनी ओसरीवर बसून ‘आमच्या काळी’ करायचं!

एकदा त्यांच्या नातीची, आर्वीची शाळा आली शेतावर. ‘शेती कालची आणि आजची’ शिकायला! आर्वीनं वर्गात सांगून ठेवलेलं, "माझे आजोबा खरे शेतकरी आहेत!" रावांची छाती फुगली — पण नातीसमोर फजिती झाली तर?

माळ्यावरची पेरणीची तिफण उतरवली, झेंडूची माळ घातली. दुकानातून आलेलं ज्वारीचं बी गड्यानं सुपात ओतलं. थोडं खळ्यात सांडलं.

"पोरांनो," राव म्हणाले, "आमचा आजा पेरण्याआधी दाणा दाताखाली धरायचा. कटकन वाजला की बी चांगलं. तुम्हीही धरायचा. घ्या मुठीत!"

"आजोबा, ज्वारी गुलाबी का हो?" आर्वीनं विचारलं.

आता ‘ठाऊक नाही’ म्हणावं की नाही? पण फेट्याचा तुरा वाकेल ना! राव म्हणतात कसे, "अगं, लक्ष्मी ती! कुंकू लावून येते!"

हसू नका! त्या खांबाशी बसलेल्यांना खरंच वाटलं — मला दिसतंय इथून!

मग भाषण. आज्याचे बैल, आज्याची मोट, आज्याच्या मिशा! पोरांच्या मुठी घामेजल्या, शाळेच्या बाईंना जांभया. आणि देवाची करणी बघा — रावांची जीभ लांब, म्हणून लेकरं वाचली! "हं, आता धरा दाताखाली—"

"आजोबा, कोंबडी!" आर्वी किंचाळली.

सांडलेलं टिपणारी कोंबडी पाय झाडत उलटी पडलेली!

किडीचं औषध चोळलेलं बी ते, म्हणून तर गुलाबी! "टाका रे! टाका! तोंडाला हात लावू नका!" राव धावले. निरी चिखलात, फेटा हौदात — आणि हा जमीनदार एकेका लेकराचे हात साबणानं चोळतोय!

शेवटी आर्वीचे हात आले. "आजोबा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

रावांनी मान खाली घातली. "नाही गं बाळ. आज्यानं घरचं बी राखलं होतं. राखेत घोळून, कणगीत भरून. म्हणून तो चावायचा. मी नुसतं चावणं राखलं."

"मग बाईंना काय सांगू, काय शिकले?"

"हेच सांग."

टाळ्या नकोत! रावांना निदान कोंबडी तरी भेटली. तुम्हाला? आता दारात ज्वारीच्या लाह्यांचा प्रसाद आहे. ओंजळ लगेच पुढं कराल! पण घरी गेल्यावर नातवंडानं विचारलं, "आजी, ही ज्वारी कुणी पिकवली, कशी पिकवली?" — तर काय सांगाल?

कुंकू लावून आली?