शंभरातले नव्वद किरण

डोळ्यांच्या दवाखान्यात चौथा नंबर धरून बसलेल्या म्हातारीने कान टवकारले. शेजारी दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधलेला एक शास्त्रज्ञ बसला होता, आणि त्याची आई त्याला शब्दांनी सोलून काढत होती.

“नक्की काय करायला गेला होतास त्या बर्फात?”

“बर्फाचे कण किती प्रकाश परत फेकतात आणि किती गिळतात, याचं गणित मांडलंय मी, आई. ते पडताळायला.”

“मग? किती फेकतात?”

“ताजा बर्फ असला तर शंभरातले नव्वद किरण परत येतात.”

“हे जायच्या आधी ठाऊक होतं?”

“पंधरा वर्षं तेच तर शिकवतोय.”

“आणि काळा चष्मा?”

“खिशात होता. कणांचे आकार बघायला डोळ्यांवरून काढला होता. गणितात मी सगळे गोल धरलेत ना.”

“आणि निघाले कसे?”

“वेडेवाकडे.”

“घरात तू एक वेडावाकडा आहेस, ते पुरलं नाही, म्हणून डोंगरावर बघायला गेलास!”

“अगं, काजळी मिसळली तर बर्फ जास्त प्रकाश गिळतो...”

“लहानपणी काजळ घालताना भोकाड पसरायचास. आता मला काजळी शिकव.”

“आई...”

“काय?”

“दिसेल ना गं मला पुन्हा?”

आईने पदराने त्याच्या पट्टीखाली ओघळलेले पाणी टिपले.

तेवढ्यात चार नंबर पुकारला गेला. म्हातारी उठली आणि आपला नंबराचा कागद तिने त्या आईच्या हातात कोंबला.

“आधी याला न्या, बाई. माझा मोतीबिंदू कुठे पळून जात नाही. आणि माझा चष्मा खिशात नसतो, नाकावर असतो.”