बैलाविना आलेल्या गाड्या

माझा जल्म हुलसूरच्या शिवारातला. घरात कानडी, बाजारात मराठी आन शाळेत उर्दू, म्हणून जीभ कुठंच अडायची न्हाई. माझी अव्वा, म्हंजी आई, म्हणायची, ह्याचं तोंड काई ह्याला पोटाला घालणार न्हाई, आन काय सांगू तुमाला, त्याच तोंडानं आख्खं घर पोसलं बगा.

गावात डाळीची मिल होती, तिचा निरोप बाजारोबाजार सांगायचं काम मला लागलं. हातात पत्र्याचा भोंगा घ्यायचा, गाडीवर उभं ऱ्हायचं, तूर कवा घेणार, भाव काय देणार, सगळं आदी मराठीत, मग कानडीत, मग उर्दूत. लोक म्हणायचे, अण्णा बोलला म्हंजी मिल बोलली.

मग रझाकारांची धामधूम झाली, मिलला कुलूप लागलं, मालक हैदराबादेला निघून गेला. पोलीस ॲक्शन झाली, मुलूख थंडावला, तूर खळ्यावर आली तवा मालक परत आला. मला म्हणला, अण्णा, सोमवार को मशीन चालू करते, लोगां को बोलो. पहिल्या दिवशी माल आला तर ऱ्हातो, न्हाई तर मशीन उचलून गुलबर्ग्याला न्हेतो. मिल गेली तर माझी भाकर गेली, आन निम्म्या गावाचीबी. म्या हरखून गावोगाव वरडत फिरलो, सोमवारी गाड्या जुंपा, मिलवर या! लोक एकमेकाकडं बघून हसायचे. मला वाटलं, खुशीनं हसायलेत.

सोमवारी सकाळी दारात बैल निवांत रवंथ करायलेले दिसले आन म्या कपाळाला हात लावला. अवो, सोमवार बसवण्णाचा, म्हंजी नंदीचा! आमच्यात त्या दिशी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत, काईबी होवो. लिंगायताच्या घरात वाढलेला मी, आन आनंदाच्या भरात वारच इसरलो.

मिलवर गेलो तर मालक दारात खुर्ची टाकून बसलेला, रस्ता मोकळा. कामून कोण येईना, म्हणला. मला तीन भाषा येत होत्या, पर मी भोंगा खाली ठेवून रस्त्याकडं बघत उभा ऱ्हायलो. ऊन वर आलं तसं त्यानं गड्यांना मशीनचे बोल्ट ढिले करायला लावले.

तेवढ्यात चाकं वाजली. बघतो तर गाडीला बैल न्हाईत, जुवाखाली आमचे अप्पा आन काका! त्यांच्या मागं तशाच गाड्या, माणसांनी ओढलेल्या, बायकांच्या डोक्यावर तुरीच्या टोपल्या. अप्पा घामानं निथळायलेले. म्हणले, बसवण्णाचा वार मोडायचा न्हाई, आन तू बोललास तेबी खोटं पडू द्यायचं न्हाई, मग काय करावं, आमीच जुंपलो. मालक खुर्चीवरून उठला, सोता अप्पाच्या मानंवरचं जू उतरवलं. माझं रडू काई थांबंना बगा.

मिल वाढली, तिची कंपनी झाली, तिच्यासंगं मीबी वाढलो. आता गुलबर्ग्याच्या हापिसात बसतो, कंपनीनं कुणाला काय सांगायचं ते मी ठरवितो, हाताखाली शिकलेली माणसं हायत. हैदराबाद राज्याची वाटणी व्हायलीय, उद्या पाट्या कानडीत लागतील, लागू द्या. माझं काई अडायचं न्हाई.

लोक म्हणतात, अण्णा, आवाजानं नाव कमावलंस. व्हय, आवाज माझा. पण अप्पाच्या मानंवर त्या दिसाच्या जुवाचा वण हाय, अजून गेला न्हाई. गावाला गेलो की आंघोळीच्या वक्ताला मीच त्यांची पाठ चोळतो, तिथं हात आला की हळू फिरवितो. ते म्हणतात, चोळ की रं, दुखत न्हाई आता. बसवण्णा त्यांना सुखात ठेवो.