बाब्याचे केस

न्हाई न्हाई ताई, दोरी माझ्याच हातात राहू द्या — तुमी तुमचं काम करा, मी आडवा येत न्हाई, नुसता दोरी धरून बाजूला उभा राहतो. तो घाबरलेला न्हाई हो, नवीन जागा दिसली की जरा थरथरतो — बरं, घाबरलाय. हाव, घाबरलाय. तुमी मशीनला हातबी लावला न्हाई अजून, नुसतं खिळ्याला अडकवलेलं दिसलं तर कसा माझ्या पायात घुसून राहिला बगा. बाब्या म्हनतात ह्याला. मी संगमेश्वर, लातूरचा, भांड्यांचं दुकान हाय आमचं, आता पुतन्या बसतो. काय म्हनलात? हाव, कुत्र्याचे केस कापायला लातूरवरून नांदेडला — हसा, गल्लीतले लोक पन हसले, गाडीवाला तर सारखा आरशात बघून हसत होता. पन डॉक्टर मल्लिकार्जुन, आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर, ते म्हनले, दामिनीताईकडं न्या, तिच्या हातात द्यायला भिऊ नका. मी म्हनलं, डॉक्टरसाहेब, भिऊ नका म्हनल्यानं भीती जाते का?

थांबा, टेबलावर घ्यायच्या आधी सांगा मला — वाळवायचं मशीन कुठलं तुमचं? हे? हातात धरायचं? पिंजरा न्हाई? खरंच न्हाई, का आतल्या खोलीत हाय? — उघडून दाखवता? दाखवा. हाव, नुसते टावेलच हायत. माफ करा ताई, तुमच्यावर शक न्हाई, पन डोळ्यानं बघितल्याबिगर मला — बरं. आनि टेबलावरचा हा गळ्यात अडकवायचा पट्टा, हा लावून तुमी गिऱ्हाईकाशी बोलायला गेलात आनि ह्यानं उडी मारली तर? लटकंल की हो. अंगावरचा हातच काढत न्हाई? फोन वाजला तरी? वाजू देता. ह्याचं नाक चपटं हाय, ह्याला धाप लवकर लागते, हे बघितलंत ना? आनि गप पडून राहावा म्हनून औषध बिवषध? ते डॉक्टरचं काम, तुमी देत न्हाई. हे बरं बोललात. तो असं बोलला न्हवता. तो म्हनला होता, काका, तुमी चहा पिऊन या, मी सगळं बघतो.

कोन म्हंजे, आधीचा कुत्र्यांचे केस कापनारा, लातूरचाच, नाव घेत न्हाई त्याचं. दुकान असं चकाचक, काचेवर कुत्र्यांचे फोटो, थंड हवा, अत्तरासारखा वास — मी त्या वासालाच भुललो. आतल्या खोलीच्या काचेला कागद चिकटवलेला. विचारलं, कागद कशाला? म्हनला, मालक दिसला की कुत्रं ऐकत न्हाई. मला पटलं. का पटू नये, चांगला हसतमुख मानूस! बाकड्यावर बसलो, चहा पिलो, आतून मशीनचा आवाज, घूं घूं घूं, आनि बाब्या भुंकत होता — मंग भुंकायचा थांबला. मला वाटलं, बसला बिचारा शांत. मशीन चालूच. तेवढ्यात तो मानूस बाहेर आला, माझ्यासमोर फोनवर हसून हसून बोलून राहिला. मी म्हनलं, आत कोन हाय? म्हनला, कोन न्हाई, वाळून राहिलाय तुमचा हिरो. मी उठलो. का उठलो ते आजबी सांगता येत न्हाई. दार ढकललं — पिंजऱ्याला मशीन लावलेलं, सगळी गरम हवा आत, आनि हा आडवा, ताई. जीभ बाहेर, जांभळी पडलेली, तोंडाला फेस, डोळे उघडे पन माझ्याकडं बघत न्हवते. कडी काढायला गेलो तर कडी चटका द्यायली, ह्याचं अंग तर तव्यासारखं. नळाखाली धरला. तो मागून म्हनतोय, काका, काही झालं न्हाई, होतं असं कधी कधी. असं होतं कधी कधी! अंगातला शर्ट भिजवून ह्याच्याभोवती गुंडाळला आनि बनियनवर डॉक्टरांकडं पळालो हो, भर बाजारातून, जिथं सगळे मला शेठ म्हनतात तिथून. वाचला. आनि डॉक्टरांनी पोट पुसलं तर तिथं पांढऱ्या पावडरीचा चिखल झालेला, आनि खाली भाजलेलं. म्हंजे त्याला ठाऊक होतं, ताई! भाजलेलं त्यानं आधीच बघितलं, वर पावडर थापली आनि परत पिंजऱ्यात टाकला. मला त्या मशीनचा तेवढा राग न्हाई. त्या पावडरीचा हाय.

तेव्हापासून कुनाला हात लावू दिला न्हाई. ह्यानं न्हाई, मी. कानामागं गुंते, काखेत गुंते, चामडी ओढून धरलीय, आत ओल राहून वास यायलाय — डॉक्टर म्हनले, ह्या उन्हात हे केस काढलेच पाहिजेत, न्हाई तर आत किडे पडतील. घरी मीच कात्री घेऊन बसलो. गुंता कुठं संपतो आनि चामडी कुठं सुरू होते, कळंना. कात्री ठेवून दिली. हाव, बरोबर, गुंत्याला कात्री लावायचीच न्हाई, डॉक्टरबी तेच म्हनले. करा सुरू. पन आधी लांब धरा मशीन, नुसता आवाज ऐकू द्या — तुमच्या मनगटावर लावून बघता? ब्लेड तापलंय का ते? असं दर वेळी? बरं, बरं.

काय? माझा हात? माझा कुठं थरथर — हाव, थरथरतोय. दोरीतून त्याला कळतं म्हनता? म्हंजे मी बाहेर जाऊ? न्हाई, ताई. न्हाई. तो पन हेच म्हनला होता ना, मालक दिसला की — दाराजवळ खुर्ची? दार उघडंच ठेवून? वाटलं तेव्हा वळून बघू? आनि मी तिकडून बोलत राहायचं, म्हंजे त्याला आवाज येईल. बरं. हे बगा, मी भांडी विकली जन्मभर, गिऱ्हाईक भांडं वाजवून बघतं, ठोकून बघतं, तुमाला कसं ठोकून बघू? — घ्या दोरी. घ्या लवकर, न्हाई तर द्यायचा न्हाई मी.

बसलो. हे बसलो. रस्त्याकडं तोंड करून बसतो, बघवत न्हाई मला. बाब्या, मी हाय हं इथंच. काय बोलू आता — कुठलंबी बोलू? घरचं? घरी गौरम्मा हाय, माझी बायको. तिला आज शेजारच्या उमादेवींच्या भरोशावर ठेवून आलोय. अर्धांगाचा झटका आला तिला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आमची अक्षरा, लेक, तिनं हे कुत्रं आनलं होतं हैद्राबादला नोकरीला जायच्या आधी, तेव्हा गौरम्मा म्हनायची, घरात लिंगपूजा होते, कुत्रं उंबऱ्याच्या आत नको. आनि झटक्यानंतर एक दिवस हा गेला पलंगाजवळ, तिच्या हाताला नाक लावलं आनि ती म्हनली — बा. पहिला शब्द. बा, बा. ह्याला हाक मारली हो तिनं! मी दुकानातून आलो तर उमादेवी रडून राहिलेल्या, वहिनी बोलल्या म्हनून. मी लगेच समोर बसलो. म्हनलं, आता माझं नाव घेईल. रोज बसतो. सं — ग — म, असं तोंड करून दाखवतो. ती बघत राहते तोंडाकडं, बिचारी घामाघूम होते. तेवढ्यात हा आला की, बा. पहिले राग यायचा मला, खरं सांगतो, संसार माझ्यासंगं केला आनि हाक ह्याला. आता राग न्हाई. आता भीती वाटते. ह्याला काही झालं तर घरात तेवढाबी आवाज राहनार न्हाई — ती तिकडं गप, मी इकडं गप, नुसता पंख्याचा आवाज. सकाळी जाग आली की मी आधी वाकून बघतो, श्वास चालू हाय का. आधी ह्याचा, मंग तिचा. आधी ह्याचा. — हे मी कशाला बोललो. अक्षराला बी बोललो न्हाई हे. तुमी पन —

मशीन का बंद केलं? ताई? बोला की. काय झालं, श्वास — रक्त? कुठं रक्त? सरका! सरका बाजूला, सोडा त्याला, मला ठाऊक होतं, मी म्हनलो होतो डॉक्टरला — बाब्या, बाब्या, बघ इकडं. कान? कानाची कड? गुंत्यात दुमडलेली होती, म्हनून — पावडर? खबरदार! पावडर लावू नका, आधी मला बघू द्या. उजेडात धरा. धरा नीट. कुठं हाय? एवढं? तांदळाच्या दान्याएवढं, आनि एवढं रक्त? कानाला येतंच म्हनता. कुनाला फोन लावता? डॉक्टर मल्लिकार्जुनांना? लावा. तुमी बोला, मी ऐकतो.

काय म्हनले? शिवायची गरज न्हाई. दाबून धरा, रक्त थांबायची पावडर लावा, संध्याकाळी दाखवायला आना. हाव, ऐकलं मी. तुमचंबी ऐकलं. माझ्या हातून लागलं, असं म्हनलात तुमी त्यांना. कुत्रं हललं, असं न्हाई म्हनलात.

मी तर रस्त्याकडं बघत बसलो होतो, ताई. तुमी बोलला नसतात तर केसांखाली गेलं असतं. मला घरी जाऊनबी दिसलं नसतं.

लावा पावडर. लावा, मी डोकं धरतो. थरथरू द्या माझा हात, त्याला ठाऊकच हाय आता. थांबलं? थांबलं रक्त. दुसरा कान राहिलाय ना? न्हाई, घरी नेत न्हाई. आज असाच नेला तर परत आनायची हिंमत होनार न्हाई माझ्याच्यानं. भीती हाय की, कुठं गेलीय. पन करा पुरं. मी बसतो खुर्चीवर. तोंड तुमच्याकडं करून बसतो. मशीन चालू करा.