दरीपल्याडचा धूर

—नाय, तसं नाय रावसाहेब, खोडाळ्याकडचा तो माळ दिसतो जवळ, पण सरळ कोण जातो? कावळा जातो, आणि उद्या तुमचं विमान जाईल. इथून उडालं की तोंडातलं पान संपायच्या आत तिथं उतरेल, असं तुम्हीच मघाशी म्हणालात — मी हसलो. माणसानं दरी उतरायची, नदीतल्या दगडांवरून पलीकडे व्हायचं, मग तो चढ. उजाडता निघालं तर दिवेलागणीला पोचायचं, तेही धडधाकट माणसानं.

धरतो, सरळच धरतो निशाण. विमानाच्या जागेच्या मोजणीला घरटी एक माणूस द्या, अशी पाटलाची हाक आली, आणि आमच्या घरात माणूस म्हणजे मीच. तसं बघितलं तर नाय म्हणता आलं असतं. पाटील काय मारत नव्हता.

तो धूर बघितला? निशाणाच्या रेषेतच हाय. राबाचा म्हणता? कालपासून मीही तेच म्हणतोय. ह्या दिवसांत जो तो रोपाच्या जागेवर पाला जाळतो, धुराला काय तोटा? पण सकू, माझी बायको, अंगणात उभी राहून म्हणाली, राबाचा धूर रानभर पसरतो, हा एका जागी उभा हाय, हा फागीचा. मी म्हणालो, राबाचाच — आणि पाठ करून झोपलो. गुडघे दुखतात माझे. चढ आठवला की आधीच दुखतात.

फागी म्हणजे आमची पोर. तिला त्या पल्याडच्या माळावर मीच दिली. सकूला जामसरचं स्थळ हवं होतं. मी म्हणालो, अगं, अंगणातून तिच्या चुलीचा धूर दिसेल, याहून जवळ काय? तुमच्या दुर्बिणीसारखं बघितलं मी, सरळ. मधली दरी बघितलीच नाय. जाताना तिला सांगितलं, अडचण आली तर ओला पाला जाळ, आम्ही दिसेपर्यंत घालत राहा. ती हसली, म्हणाली, "बाबा, तुम्ही याल ना पण?" आता जावई लांब कोळशाच्या भट्टीवर, सासू नाय, आणि तिचे दिवस भरत आलेत. पहिल्या खेपेला माहेरी आणायची रीत — मी म्हणालो, राब भाजून होऊ दे, मग आणतो. राबच, बघा.

सकू? ती पहाटे काठी घेऊन निघाली. मला उठवलंही नाय. म्हणजे — जागाच होतो मी. काठीचा आवाज ऐकला. वाटलं, उठलो तर जावं लागेल. मग ऊन आलं, पाटलाची हाक आली, आणि खरं सांगू, बरं वाटलं.

रावसाहेब, माझी नजर आता पोचत नाय. तुमच्या त्या काचेतून जरा बघा. धूर हाय ना अजून?

नीट बघा. डोंगराच्या कडेला, दोन मोहाच्या झाडांमधे.

विझला?

सकू तर अजून नदीपाशीही नसेल. मग पोरीनं पाला घालायचा का थांबवला —

हे धरा तुमचं निशाण. तुम्हीच धरा. नाय, पाटलाला काय सांगायचं ते सांगा. सरळ धरा, वारा हाय.