नको म्हटलं अन् वेटर पुढं गेला

कामठीच्या बसच्या रांगेत उत्तराबाईंच्या पुढं दोन बाया उभ्या होत्या. देवानं डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना नाही. म्हणून उत्तराबाई ऐकत राहिल्या.

"काल आमच्या शामलाच्या होणाऱ्या सासरच्यांनी हॉटेलात जेवाले नेलं, मनकर्णा. वेटर मटणाची सळई घेऊन टेबलापाशी येते अन् तिथंच कापून वाढते."

"मंग तं दाबून जेवली असशील, प्रेमिला!"

"कायची वं! मी रीतीनं 'नको' म्हटलं, तं मेला पुढंच गेला!"

"विहिणीनं आग्रह नाही केला?"

"ते खाली मान घालून खाऊन राहिली होती! आमचे हे 'पुरे, पुरे' म्हणून कोरडी पोळी चावत बसले."

"रीतच नाही त्याइले!"

"म्हणून घरी आल्यावर म्या सांगितलं, अशा घरी पोरगी देत नाही."

"शामला रडली असंन."

"काहून रडन! ते तं पहिल्याच सळईपासून 'वाढा' म्हणत पोटभर जेवली. म्हणे, 'आई, त्या घरी मले उपाशी राहा लागणार नाही.'"

"मंग आता?"

"आता काय, लग्न पक्कं; रविवारी आमच्या घरी साक्षगंध. वाढाले मी स्वतः राहीन. पाहतेच, विहीणबाई कशी 'पुरे' म्हणते ते!"